पायातले दाणे

बुरशी म्हटली की लोकांना लोणचं आठवतं. तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं आणि मी "बुरशी बघते" असं सांगितलं, की समोरची बाई हमखास विचारते, "मग लोणच्याला येऊ नये म्हणून काय करायचं हो?" आयुष्यभर मी या प्रश्नाचं उत्तर देत आले आहे. तेल वर चार बोटं राहू द्या, बरणीत ओला चमचा घालू नका. माझ्या एवढ्या शिक्षणातला हाच भाग सासरच्या मंडळींना आजवर उपयोगी पडला.

मी डॉक्टर आहे, पण नाडी बघणारी नव्हे. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. आमच्या धंद्यात माणूस येत नाही, त्याचा तुकडा येतो. कुणाच्या नखाची कात्रण, कुणाच्या पाठीची खरवड, कुणाच्या डोळ्यातला पांढरा कण. त्यावर नाव आणि वय लिहिलेलं असतं, बाकीचा माणूस आपण मनाने उभा करायचा. मला ते फार आवडायचं. नख बघून मी ठरवायची की ही बाई भांडी घासते, मग तिला नवरा द्यायची, दोन मुलं द्यायची, आणि भिंगाखाली तिची बुरशी दिसली की "बाई गं, जरा हात कोरडे ठेवत जा" असं मनातल्या मनात सांगायची. सहकारी म्हणायचे, मॅडमची तंद्री लागली. लागायचीच. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची सावली टेबलावर हलायची, आणि शेजारी काचेच्या बाटल्यांमधून माझी बाग वाढत असायची. हिरवी मखमल, राखाडी कापूस, एखादी जांभळट, गुलाबी कडेची. रोग वाईट असतो हे मला कळतं. पण बुरशी दिसायला सुंदर असते, आणि हे मी आता निवृत्त झाल्यावर न लाजता लिहू शकते.

राहायला मी जळगावात, नोकरी धुळ्यात. त्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीला डोकं टेकून माझं अर्धं आयुष्य डुलक्यांत गेलं. मधे एरंडोल आलं की कंडक्टरच्या आवाजाने जाग यायची. झोप आणि जाग यांच्यामधल्या त्या पट्ट्यात मला कामाचे सगळ्यात चांगले विचार सुचले, असं माझं मत आहे. माझ्या नवऱ्याचं मत वेगळं आहे.

बुरशीच्या रोगांची कुणाला फिकीर नसते. ताप आला की माणूस पळत येतो, गजकर्ण झालं की तो वर्षभर खाजवतो. आमच्या शेजारी सराफीचं दुकान असलेले एक शेठ होते, मूळचे राजस्थानचे, मनाने दिलदार. त्यांना मांडीवर गजकर्ण उठलं. औषधाच्या दुकानातून त्यांनी कसलंसं मलम आणलं. त्याने खाज दोन दिवसांत थांबली. आतली बुरशी मात्र थांबली नाही, उलट पसरली, कारण त्या मलमात खाज मारणारं औषध होतं आणि ते बुरशीला खतासारखं लागू पडतं. शेठना काय त्याचं! आपल्याला आराम पडला म्हणून त्यांनी ते मलम आईला दिलं, भावाला दिलं, दुकानातल्या कारागिरांना वाटलं, आणि तिकडे राजस्थानात पालीला राहणाऱ्या साडूला कुरियरने पाठवलं. "मॅडम, भगवान का दिया हुआ है, बाँटने में क्या हर्ज?" असं ते मला हात जोडून म्हणाले. प्रसादासारखं मलम वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सगळ्या खानदानाला बरं करायला आम्हाला पुढची संक्रांत उजाडली.

पण मला सांगायचं आहे ते एका पायाबद्दल.

काही बुरश्या मातीत राहतात. बाभळीचा, बोरीचा काटा अनवाणी पायात मोडतो, आणि काट्याबरोबर मातीतला तो बारीक जीव आत जातो. मग काहीच होत नाही. माणूस काटा विसरतो. वर्ष-दोन वर्षांनी तळव्याला गाठ येते, ती दुखत नाही. दुखत नाही हाच घात. पाय हळूहळू सुजतो, त्याला बारीक भोकं पडतात आणि त्यांतून पाण्याबरोबर दाणे बाहेर येतात. खरोखरचे दाणे, बोटांत धरता येतील असे. एकेक दाणा म्हणजे त्या जीवाची गुंतवळ. दाणे काळे असले तर ती बुरशी, आणि ती फार चिवट. औषध महाग, महिनोन्‌महिने घ्यायचं, आणि एवढं करून पुष्कळदा पाय कापावा लागतो. दाणे पिवळे किंवा लाल असले तर बहुतेक वेळा तो बुरशीचा सोंगाड्या भाऊ असतो. दिसायला तसाच दोरेदार, पण जातीने जंतू. तो साध्या इंजेक्शना-गोळ्यांनी मरतो. म्हणजे दाण्याच्या रंगावर पाय राहणार की जाणार हे ठरतं. म्हणून दाणा आला की माझी तंद्री उडायची.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका बाईचे दाणे मी असेच पाहिले होते. पूर्ण काळे, काचेवर दाबले की करकर वाजणारे. तिने फार उशीर केला होता, हाडापर्यंत गेलं होतं. पाय काढायचं ठरलं तेव्हा तिने एकच विचारलं, "काढलेला पाय मला देणार ना?" तिला तो आपल्या शेताच्या कडेला पुरायचा होता. तिच्या भावाने तो नेला. मी तेव्हा व्हरांड्यात उभी होते. कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं तो भाऊ लहान मूल न्यावं तसं छातीशी धरून जिना उतरला. मी जागी असतानाही ते मला कधीकधी दिसतं.

त्यानंतर काही वर्षांनी दगाभाऊ आले. म्हणजे आधी त्यांचे दाणे आले. एका छोट्या बाटलीत मिठाचं पाणी आणि त्यात काळ्या तिळासारखे चार-दोन दाणे. नाव दगा, गाव एरंडोलजवळचं, धंदा कुंभारकाम. आमच्या सर्जनसाहेबांची चिठ्ठी होती, उजवा पाय, काळे दाणे, ऑपरेशनची तारीख दिली आहे, फक्त खात्री करून सांगा. सर्जनसाहेब हुशार आणि दयाळू माणूस. काळे दाणे, सुजलेला पाय, इतक्या वर्षांचा आजार. कुणीही तेच ठरवलं असतं.

मी एक दाणा काचेवर घेतला, थेंब टाकला, वर पातळ काच ठेवून बोटाने दाबला. करकर वाजायला हवा होता. तो लोण्यासारखा पसरला. मी चमकले. भिंगातून पाहिलं तर कडेला काळं, आणि आत फिकट पिवळं. दोरे होते, पण कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. बुरशीचे दोरे जाड असतात, त्यांना कप्पे असतात. हे बुरशीचे नव्हते. पण मग वरून हे काळं काय? आणि मिठाच्या पाण्यात राहून बाकीच्या दाण्यांचा आतून लगदा झाला होता, शपथ घेऊन सांगावं असं त्यात काही उरलं नव्हतं. ताजा दाणा पाहिजे होता. मी ठरवलं, आज तुकडा पुरे, माणूसच बघू.

दगाभाऊ वॉर्डात खाटेवर बसले होते. साठीच्या आसपासचे, बारीक, पांढऱ्या मिशा. शेजारी खाली त्यांची बायको कौतिकबाई, डोक्यावरून पदर, हातात ओला टॉवेल. पाय नुकताच धुतलेला. नुसता धुतलेला नव्हे, घासून लख्ख केलेला. भोकं दिसत होती, पण त्यांत दाणा औषधालाही नव्हता.

"दाणे कुठे गेले?" मी विचारलं.

"धुई टाकात ना बाई," कौतिकबाई म्हणाल्या. "डॉक्टर लोके हात लावतस त्या पायले. घान पाय कसा दावाना? सकाळे-संध्याकाळे साबन लाईसन धुस मी."

आता यांना काय म्हणायचं! सगळं जग दवाखान्यात अस्वच्छ येतं म्हणून आम्ही ओरडतो. आणि इथे स्वच्छतेपायी रोगाचा पुरावाच मोरीत वाहून चालला होता.

दगाभाऊ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, पाय कापतीन ते कापू द्या. पन आधी माले सांगा, लाकडाना पायले गोटा समजस का?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. कुंभार माती पायाने तुडवतो. तुडवताना तळव्याला बारीक खडा, त्यांच्या भाषेत गोटा, लागतो, तो काढून टाकायचा. एखादा राहिला तर मडकं भट्टीत तडकतं, आणि शेजारच्या चार मडक्यांना घेऊन जातं. हातापेक्षा पायाला जास्त कळतं, असं ते म्हणाले. डावा पाय त्यांचा नुसता भार घ्यायचा, माती वाचायची ती उजव्याने. माती मळायचं यंत्र मिळतं, पुतण्याने मोबाइलवर दाखवलं होतं. पण यंत्र खड्यालाही मळून टाकतं.

"पाय गया ते मी चालसू काठी लिसन," ते म्हणाले. "पन कुंभार नही राहणार."

मला एकदम झोपेत असल्यासारखं झालं. मी जन्मभर भिंगातून दाणे बघत आले आणि हा माणूस जन्मभर तळव्याने. आणि आता त्याच तळव्यात कुणीतरी दाणे पेरले होते.

खाली बघताना मला त्यांच्या तळव्यावर काळे ठिपके दिसले. भोकांच्या कडेला, टाचेच्या भेगांत, कातडीत मुरलेला काळा रंग. साबणाने न जाणारा. असा काळा रंग मी कुठेतरी रोज बघत होते. कुठे, ते आठवेना. मी प्रयोगशाळेत परत आले, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, आणि कॉलरच्या आत परटाची खूण दिसली. दोन ठिपके आणि एक रेघ. शंभर धुण्यांत न गेलेली.

मी तशीच वॉर्डात धावले. "कौतिकबाई, पायाला बिब्बा लावता का हो?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी भाताबरोबर वरण खाता का असं विचारलं होतं. "मंग! काटा मोडना म्हंजे बिबाच घालतस ना. दिवावर तपाडीसन, सुईवरी. ज्या भोकमातून पानी येस त्या बठ्ठा भोकमा घालस मी. दवाखानामा येवाना व्हता म्हनीसन मुद्दाम जास्ती घाला."

आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. काटा मोडला, भेग पडली, की बिब्ब्याचं तेल तापवून चटका द्यायचा. माझ्या आईनेही माझ्या टाचेला दिला आहे. परीट त्याच तेलाने कपड्यांवर खुणा करतात, कारण ते हवेवर काळं पडतं आणि कशानेही निघत नाही. भोकाच्या तोंडाशी आलेला दाणा त्या तेलात भिजला की तोही काळा पडणार. कौतिकबाई रोज नवऱ्याच्या पायातल्या पिवळ्या दाण्यांना काळं रंगवत होत्या आणि त्या काळ्या रंगावर पाय कापायची तारीख पडली होती.

सर्जनसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताजे दाणे दाखवा, मी थांबतो." थांबणं हे सर्जनला किती जड जातं हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दल माझा त्यांना आजही नमस्कार.

आता काम सोपं होतं. बिब्बा बंद, धुणं बंद, पायावर ओल्या जाळीच्या कापडाची घडी ठेवायची, आणि तिच्यावर काय येतं ते बघायचं. पण कौतिकबाई ऐकेनात. दवाखान्यात, चार परक्या माणसांच्या नजरेसमोर, घरच्या माणसाचा पाय न धुता ठेवायचा? "लोके काय म्हनतीन, हाई बाई नवराना पाय धुत नही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिब्बा सोडायला त्या चटकन तयार झाल्या, पाणी सोडवेना. शेवटी दगाभाऊंनीच पाय चादरीखाली ओढून घेतला आणि म्हणाले, "कौतिक, तू थोडा दिन दुसरीकडे दख." त्या पाठ करून बसल्या. मी वॉर्डातून निघेपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या.

नवं कातडं यायला, जुनं काळं झडायला काही दिवस लागले. मग एका सकाळी मी कापडाची घडी उचलली. तिच्यावर राजगिऱ्यासारखे पिवळसर दाणे पडले होते. काळा एकही नव्हता. मी ते उन्हाकडे धरले. सकाळचं कोवळं ऊन, त्यात ते दाणे इतके साधे, इतके निरुपद्रवी दिसत होते की एखाद्या लाडवातून निसटले असावेत. रंग देऊन भिंगाखाली पाहिले. जांभळे, बारीक, केसासारखे दोरे. सोंगाड्या भाऊ. मी मोठ्यांदा हसले, मग मला रडू आलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला पाणी आणून दिलं. बाटलीत वाढवून खात्री करायला आणखी काही आठवडे गेले, पण त्या सकाळीच मला कळलं होतं.

सर्जनसाहेबांनी तारीख खोडली.

औषध पुढे वर्षभराहून जास्त चाललं. त्यातल्या एका इंजेक्शनाने कानाला धोका असतो, म्हणून मधूनमधून कान तपासावे लागत. कौतिकबाईंची तपासणी वेगळी होती. त्या दगाभाऊंच्या पाठीमागे उभ्या राहून हळू आवाजात त्यांच्या आईला नावं ठेवायच्या. ते उसळून वळले की म्हणायच्या, "कान चांगला शेतस बाई, इंजेक्शन चालू द्या." मी ही पद्धत आमच्या कानाच्या डॉक्टरांना सुचवली होती. त्यांनी ती स्वीकारली नाही.

सूज उतरली. एकेक करून भोकं मिटली. ते चालत यायला लागले, मग सायकलवर, मग येणं बंद झालं. रोगी येणं बंद झालं की आम्ही तो बरा झाला असं धरतो. खरं म्हणजे आम्हाला काही माहीत नसतं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा मुद्दाम एरंडोलला उतरले. आजवर तिथे नुसती जागी व्हायची, उतरले कधीच नव्हते. रिक्षाने गावात गेले. उन्हाळा उतरणीला लागला होता, अंगणात माठ उलटे मांडून ठेवले होते आणि त्यांच्यावरून कोंबड्या हिंडत होत्या. दगाभाऊंनी मला खाटेवर बसवलं. पाय पुढे केला. सुंदर बरा झालेला पाय. तळवा मात्र सगळा व्रणांचा, एकावर एक, गुळगुळीत, कोरड्या सालीसारखा. मी बोटाने दाबून बघितलं. त्यांना कळलं नाही. मी टाचणीने बघितलं. तेही कळलं नाही.

म्हणजे मातीतला खडाही कळत नव्हता.

मी टाचणी परत पर्समध्ये टाकली. त्यांनीच मला सावरलं. "तोंड पाडू नका बाई. पाय शे ना! बाजारले जास, देऊळले जास. पडना नही कव्हय." मग तळव्यावरून हात फिरवत म्हणाले, "फक्त दिखत नही तेले."

"मग माती?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवून दाखवलं. कौतिकबाई लुगडं खोचून मातीच्या खड्ड्यात उभ्या होत्या. या घरातली बाई आजवर मातीत उतरली नव्हती, माती पुरुषानेच तुडवायची. त्या हळूहळू पाय टाकत होत्या, मान वाकडी करून, डोळे मिटून. मधेच थांबल्या, वाकल्या, बोटभर चिखलातून एक खडा काढून त्यांनी बाहेर फेकला. दगाभाऊंनी तो उचलून पाहिला आणि खिशात टाकला. मडकी तडकतात का, असं मी विचारलं. "पहिले तडकनात. आते कमी," ते म्हणाले.

चहा झाला. दुपार अंगणात पसरली होती, कुणालाच उठायची घाई नव्हती. मी धीर करून विचारलं, "वाईट वाटतं का हो, दगाभाऊ?"

ते बराच वेळ हसत राहिले. मग हळू आवाजात, बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "दिवसले नही वाटत. पन सपनमा मी माटी तुडवस. तव्हय उजवा पायले बठ्ठं समजस बाई. बारीकमा बारीक गोटा समजस."

कौतिकबाईंचेही कान चांगले होते.

"आनि माले लाथा बसतस!" त्या खड्ड्यातून ओरडल्या. "झोपमा दोन्ही पाय चालतस यास्ना."

आम्ही तिघंही हसलो. मग त्या पदराने घाम पुसत माझ्याकडे वळल्या. "पहिले मी सरकी जाऊ बाई. आते नही सरकत. तुडवू दे तेस्ले."